साहेब, आधी तुमच्या फाइलीवर सही करा

प्रति,
ज्यांच्या सहीने आम्हा केंद्रचालकांना सूचना येतात ते जिल्ह्याचे अधिकारी,
आणि त्यांना सॉफ्टवेअर बनवून देणारी मंडळी

विषय : ‘अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करावे’ या ओळीबाबत

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. बाजूला पानठेला, समोर एसटीचा थांबा, मागे सोसायटीचं गोदाम. गावाचं नाव लिहीत नाही, कारण केंद्राच्या आयडीच्या नूतनीकरणासाठी मला तुमच्याच दारात यायचं आहे.

जूनमध्ये आमच्याकडे दोन पेरण्या एकदम येतात. वावरात सोयाबीन आणि पऱ्हाटीची, केंद्रात दाखल्यांची. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, नॉन क्रिमिलेयरचा दाखला प्रत्येकाला काल पाहिजे असतो. मागच्या जूनमध्ये नेमक्या याच दिवसांत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक झिप फाइल पडली. अर्जासोबतचे कागद स्कॅन करून चढवायचा तो छोटा प्रोग्राम, त्याची नवी आवृत्ती. खाली तीन ओळी होत्या : जुनी आवृत्ती उद्यापासून चालणार नाही. सर्वांनी नवीन टाकून घ्यावी. अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करावे.

माझा लॅपटॉप नवा होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून सगळीकडे बोंब झाली होती, तेव्हा जुना डेस्कटॉप मागच्या खोलीत टाकून हप्त्यावर विंडोज ११ चा घेतला. फाइल उघडली, डबल क्लिक केलं, आणि खिडकी आली : स्मार्ट अॅप कंट्रोलने, म्हणजे अनोळखी प्रोग्राम अडवणाऱ्या विंडोजच्याच चौकीदाराने, ही फाइल रोखली आहे. ‘तरीही चालवा’ असं बटणच तिथे नव्हतं. ‘ओके’ होतं. रोखलं आहे, ओके? ओके.

दुपारपर्यंत बाहेर बाकडं भरलं. त्यात पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली एक आजी होती, नातीच्या नर्सिंग प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आलेली. तिसऱ्या दिवशी ती दारातूनच बोलली, “आज बी रुसली काय रे बापू तुयी मशीन?” मी म्हटलं, आजी, मशीन ठीक आहे, तिच्यातला चौकीदार आत सोडून नाही राहिला. “मंग त्याले सांग ना, घरचाच माणूस हाय म्हनून.”

हे पत्र मी तिच्या त्या वाक्यासाठी लिहितो आहे. चौकीदाराला ‘घरचाच माणूस आहे’ असं सांगायची रीतसर पद्धत असते. ती तुम्ही वापरली नाहीत, आणि आम्हाला सांगितलं की चौकीदारालाच घरी पाठवा.

तर मी पाठवला. म्हणजे मदतीच्या नंबरवर फोन केला, तिथल्या पोट्ट्याने रिमोटचं अॅप टाकायला लावलं आणि माझ्या डोळ्यांसमोर बाण पळवायला लागला. बोलायला गोड होता, कामाला चपळ. स्मार्ट अॅप कंट्रोल बंद. स्मार्टस्क्रीन बंद. मेमरी इंटिग्रिटी बंद. परवानगी विचारणारी खिडकी कायमची बंद. डिफेंडर म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, त्याची सतत चालणारी तपासणी (रिअल-टाइम प्रोटेक्शन) बंद केली तर काही वेळाने विंडोज ती आपली आपण परत चालू करतं. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने एक्सक्लूजनच्या, म्हणजे काय तपासायचं नाही त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकला. म्हणजे डिफेंडर जागा राहील, पण घराकडे पाठ करून बसेल. पाव तासात प्रोग्राम चालू. मी त्याला दोनदा धन्यवाद दिले, आजीचा अर्ज त्याच संध्याकाळी गेला.

यातलं काहीही परत चालू करायचं असतं असं त्याने सांगितलं नाही, तुमच्या तीन ओळींत चौथी ओळ नव्हती, आणि मीही विचारलं नाही. चूक माझीही आहे, ती आधीच कबूल करतो.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात फोटो स्टुडिओवाला पेन ड्राइव्ह घेऊन भांडायला आला. “भाऊ, तुमच्या मशीननं माया पेन ड्राइव्हचं वाटोळं केलं.” आतल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. हा शॉर्टकट व्हायरस खेड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत काही नवा नाही, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून येतो, सी ड्राइव्हच्या एका लपलेल्या फोल्डरात बसतो आणि पुढच्या प्रत्येक पेन ड्राइव्हला लागतो. डिफेंडरची यात काही चूक म्हणता येत नाही. ज्या सी ड्राइव्हकडे पाहू नको म्हणून त्याला बजावलं होतं, तिथेच तो बसला होता.

साहेब, त्या लॅपटॉपवर काय होतं ते सांगतो. तीन महिन्यांत आलेल्या माणसांच्या आधारच्या प्रती, बँकेच्या पासबुकाची पहिली पानं, सातबारा, जातीच्या पडताळणीचे कागद, मुलींचे फोटो. स्कॅन करून झाल्यावर मी ते पुसायला पाहिजे होते, गर्दीत राहून गेले. बाहेर काही गेलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. दोन दिवस केंद्र बंद ठेवून विंडोज नव्याने टाकलं. त्या दोन दिवसांत बाकड्यावर बसलेल्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. काय अडलं, कोणती खिडकी आली, कशाने सुटलं. आसपासच्या चार-पाच केंद्रांतली पोरंही आता मला फोन करतात. त्या वहीतून जे कळलं ते तुमच्यापर्यंत पोचवणं गरजेचं आहे, कारण तुमच्या सूचनापत्रकात ‘अँटिव्हायरस’ हा एकच शब्द आहे आणि आमच्या मशीनमध्ये कुलपं निदान सहा आहेत. प्रत्येकाची किल्ली वेगळी.

निळी खिडकी येते, ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ म्हणते, ती स्मार्टस्क्रीनची. तिला तुमच्या फाइलीत व्हायरस सापडलेला नसतो. ती एवढंच म्हणते की हा माणूस मी गावात आधी पाहिलेला नाही. तिथे ‘मोअर इन्फो’वर टिचकी मारली की ‘रन एनीवे’ दिसतं. हे लपलेलं बटण माहीत नसल्यामुळे किती जणांनी मशीनच फॉरमॅट करून घेतलं असेल, देव जाणे.

दुसरं कुलूप फाइलीलाच चिकटलेलं असतं. इंटरनेटवरून काही उतरवलं की विंडोज त्यावर एक न दिसणारी चिठ्ठी लावतं : बाहेरून आलेली. फाइलीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’चा चौकोन. झिप असेल तर आधी झिपलाच अनब्लॉक करून मग उघडायची, नाहीतर चिठ्ठी आतल्या फाइलींवरही उतरते. यातली गंमत अशी की ही चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट असतो, त्यावर कॉपी केली की चिठ्ठी गळून पडते. म्हणून आमच्यात समज पक्का झाला आहे की ‘डाउनलोड केलेली फाइल खराब असते, अमक्याच्या पेन ड्राइव्हमधली चांगली चालते’. फाइल तीच असते. फक्त ती कुठून आली हे आता चौकीदाराला माहीत नसतं. आणि या समजामुळे आमचे पेन ड्राइव्ह गावोगाव फिरतात, सोबत शॉर्टकट व्हायरसही.

स्मार्ट अॅप कंट्रोल हे तिसरं, आणि सगळ्यात हट्टी. ते २०२२ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून आलं. यात एकाच फाइलीपुरती सूट देता येत नाही. एक तर सगळं चालू, नाहीतर सगळं बंद. बरीच वर्षं ते एकदा बंद केलं की परत चालू करायला विंडोज नव्यानेच टाकावं लागायचं. नव्या लॅपटॉपवर ते सुरुवातीला नुसतं पाहत बसतं, आपलं काम कसं चालतं ते जोखतं, आणि मग स्वतःच ठरवतं की चालू व्हायचं की गप्प बसायचं. म्हणूनच एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या दोन लॅपटॉपांपैकी एकावर तुमचा प्रोग्राम चालतो आणि दुसऱ्यावर अडतो. मी फोन केला की मला ऐकायला मिळतं, ‘बाकी सगळ्यांकडे तर चालून राहिला, तुमच्याच मशीनमध्ये काहीतरी आहे.’ आहे ना. माझ्या मशीनमध्ये चौकीदार जागा आहे.

फाइल काही न बोलता नाहीशीच झाली तर ते डिफेंडरचं काम, ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त नोंद सापडते आणि खात्री असेल तर तिथूनच परत आणता येते. स्कॅनर किंवा अंगठ्याचं जुनं मशीन लावलं आणि ड्रायव्हर (ते मशीन विंडोजशी जोडून देणारा प्रोग्राम) लागतच नाही, तर कोअर आयसोलेशनच्या पानावर मेमरी इंटिग्रिटी पाहायची, ती असे ड्रायव्हर अडवते. तिथे न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी नावासकट मिळते, आणि खरा उपाय म्हणजे बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर आणणं. स्वस्तातल्या काही लॅपटॉपांत विंडोज एस मोडमध्ये येतं, त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्याशिवाय काहीच चालत नाही. त्यातून बाहेर पडणं फुकट आहे, फक्त परतीची वाट नाही. आमच्या भागात या फुकटच्या कामाचे पाचशे रुपये घेतलेले मला माहीत आहेत.

एक कुलूप तर फारच मजेदार. खिडकी म्हणते, हे अॅप तुमच्या संरक्षणासाठी अॅडमिनिस्ट्रेटरने रोखलं आहे. अॅडमिनिस्ट्रेटर मीच, केंद्रही माझं, लॅपटॉपचा हप्ताही माझ्याच नावावर. मी कधी रोखलं? वहीत हे दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा फाइलीवर बनवणाऱ्याची डिजिटल सही होती, पण ती ज्या प्रमाणपत्राने केली ते रद्द झालेलं होतं.

शेवटचं अडकणं कुलपाचं नव्हे, सेलचं. मागच्या खोलीतला डेस्कटॉप गर्दीच्या दिवशी आम्ही परत बाहेर काढतो. लाइन गेली, इन्व्हर्टर बसला, आणि मशीन परत चालू झालं की तारीख कित्येक वर्षं मागे. मग ब्राउझर म्हणतो तुमचं घड्याळ मागे आहे, सरकारी संकेतस्थळ उघडत नाही, चांगल्या सह्याही अमान्य दिसतात, कारण मशीनच्या हिशेबाने ती प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नाहीत. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल बदलला की झालं. घड्याळवाल्याकडे मिळतो. यासाठी एका केंद्राने तीन दिवस सुरक्षेच्या सगळ्या सेटिंग बंद करून पाहिल्या होत्या, कारण पत्रकात तेच लिहिलेलं होतं.

आता मूळ मुद्दा. तुमची ती जूनमधली फाइल मी नंतर वेगळी काढून ठेवली. उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिली. ज्या प्रोग्रामवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, त्याला तिथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा टॅब असतो, त्यात बनवणाऱ्याचं नाव आणि सहीची वेळ. तुमच्या फाइलीला तो टॅबच नव्हता. निनावी फाइल, व्हॉट्सअॅपवरून आलेली, सरकारी कामासाठी.

साहेब, माझ्या केंद्रातून निघणाऱ्या दाखल्यावर डिजिटल सही नसेल तर कॉलेज तो घेत नाही. बरोबरच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला तेव्हापासून या सहीला कागदावरच्या सहीचं मोल आहे. तुमच्या कार्यालयात सहीचं टोकन कुलपात ठेवतात, पिन दुसऱ्याला सांगत नाहीत. पंधरा वर्षांच्या पोरीच्या उत्पन्नाच्या दाखल्याला आपण एवढी काळजी घेतो, आणि ज्या प्रोग्राममधून सगळ्या तालुक्याचे आधार जातात त्याच्यावर कुणाचंच नाव नाही?

प्रोग्रामच्या सहीचं प्रमाणपत्र वेगळ्या प्रकारचं असतं, हे मला कळलं आहे. विंडोज ज्यांना मानतं त्या संस्थांकडून ते घ्यावं लागतं, पैसे पडतात, आणि जून २०२३ पासून त्याची किल्लीही टोकनासारख्या हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. जिल्ह्याच्या हिशेबात तो खर्च किती मोठा असेल ते तुम्ही पाहा. सही एकदा केली की स्मार्ट अॅप कंट्रोल वाट सोडतं. स्मार्टस्क्रीन पहिल्या काही दिवसांत कुरकुर करेल, पण ओळख फाइलीपुरती न राहता सही करणाऱ्याची होते, म्हणून पुढची आवृत्ती दर वेळी परकी ठरत नाही. आज तुम्ही दर दोन महिन्यांनी नवी आवृत्ती काढता आणि ती दर वेळी अनोळखीच येते. सहीसोबत वेळेचा शिक्काही मारायला सांगा, नाहीतर प्रमाणपत्राची मुदत संपली की जुनी चांगली फाइलही अमान्य होऊन बसते.

आणि फाइल व्हॉट्सअॅपवर टाकू नका. तुमच्या अधिकृत संकेतस्थळावर ठेवा, शेजारी तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइल जराही बदलली तरी बदलणारी खूण, लिहा. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून ६४ चिन्हं असतात. विंडोजमधल्याच सर्टयुटिल या आज्ञेने आम्ही आमच्याकडच्या फाइलीचा ठसा काढू आणि ताडून पाहू. ग्रुपवर फक्त दुवा टाका. ठसाही ग्रुपवरच टाकलात तर उपयोग नाही, जो खोटी फाइल टाकेल तो खोटा ठसाही टाकेल.

कधी खरोखरच सूट द्यावी लागली, तर फोल्डरचं नाव पूर्ण लिहा : अमुक फोल्डर, तेवढाच. आणि ती सूट कधी काढायची तेही त्याच कागदावर लिहा. मदतीच्या नंबरवरच्या मुलांना सांगा की रिमोटने जे बंद केलं ते फोन ठेवण्याआधी चालू करून दाखवायचं. मराठीत लिहा, पण चित्रं इंग्रजी विंडोजची टाका. हे उलटं वाटेल. विंडोज मराठीत करता येतं, मी करून पाहिलं, चार दिवस बरं वाटलं. मग फोनवरचा माणूस ‘सेटिंगमध्ये जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी दाबा’ म्हणाला आणि मला ते बटणच सापडेना.

नवी आवृत्ती जूनमध्ये काढू नका हे तर सांगायलाही लागू नये. मार्चमध्ये काढा. आणि काढण्याआधी बाजारातून आणलेल्या, काहीही न बदललेल्या एका नव्या लॅपटॉपवर चालवून पाहा. बनवणाऱ्याच्या मशीनवर सगळी कुलपं आधीच काढलेली असतात, तिथे काय चालणार नाही?

तुम्ही म्हणाल, एवढं काय, दोन दिवस उशीर झाला तर. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा फलक माझ्या भिंतीवर तुम्हीच लावायला सांगितला, कोणता दाखला किती दिवसांत ते त्यावर आहे. पण ते दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजले जातात. आजीचे तीन दिवस कुठल्याच मोजणीत आले नाहीत, कारण तिचा अर्ज दाखलच होत नव्हता. तुमच्या अहवालात त्या आठवड्यात आमच्या केंद्राची एकही प्रलंबित सेवा दिसली नसेल. पोडावरून दोन किलोमीटर चालत, मग काळी-पिवळीने, तीन वेळा येणं-जाणं. तेही दाखल नाही.

उशिरापेक्षा मला दुसरीच भीती जास्त वाटते. पीएम किसानच्या नावाने मोबाइल अॅपच्या खोट्या एपीके फाइली व्हॉट्सअॅपवर फिरतात, लोक मोबाइलमध्ये टाकतात आणि खातं रिकामं होतं. मी केंद्रात येणाऱ्या प्रत्येक कास्तकाराला सांगतो, ग्रुपवर आलेली फाइल उघडू नका, मोबाइल नको म्हणाला तर ऐका, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. परवा एकाने मला विचारलं, “मंग तुम्ही कायले उघडता ग्रुपवरची?” माझ्या टेबलावर तेव्हा तुमचं सूचनापत्रक होतं. मी ते उलटं करून ठेवलं.

माझा लॅपटॉप सध्या सगळ्या कुलपांसकट चालू आहे. तुमच्या त्या बिनसहीच्या प्रोग्रामसाठी मी मागच्या खोलीतला डेस्कटॉप वापरतो, त्यावर दुसरं काही ठेवत नाही, रोज संध्याकाळी स्कॅन पुसतो. नव्या आवृत्तीचं ग्रुपवर सूतोवाच झालं आहे. ती आली की आधी उजवं क्लिक करून पाहीन. सहीचा टॅब दिसला तर त्याच दिवशी टाकतो आणि आसपासच्या केंद्रांनाही फोन करून सांगतो. नाही दिसला, तर ही फाइल कुणाची आहे एवढीच लेखी विचारणा तुमच्या आवक कक्षात देईन, आणि पोच घेतल्याशिवाय निघणार नाही.

आपला,
एक केंद्रचालक
जिल्हा यवतमाळ